दाराकडे जातो

डाव्या विंगेत, घडीच्या खुर्चीवर
एकोणीस वर्षं बसतेय मी, मार्लिस टोलेफसन,
मांडीवर संहिता, हातात मिणमिणती बॅटरी.
माझं काम कुजबुजायचं.
ओटर फॉल्समध्ये दर ऑक्टोबरात
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली
आम्ही हे गाव पुन्हा वसवतो.
तिकीट चार डॉलर, कॉफी धरून.

संस्थापकाचं काम दातांच्या डॉक्टरकडे असायचं,
बापाकडून आलेलं, दवाखान्यासारखंच.
मग त्याचे गुडघे गेले,
आणि टर्कीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
वारसामे आला निवडीला, डोक्यावरची जाळी तशीच.
नॉर्वेहून येऊन बर्फात काठी रोवणारा पहिला माणूस
सोमाली?
कुणीतरी खोकलं.
लांबून आलेला माणूसच हवाय ना, वारसामे म्हणाला,
मी विमानानं आलोय, तेवढं चालवून घ्या.

आणि काय सांगू, किती वाईट काम केलं त्यानं!
दाढी सुपात पडली, ती त्यानं पिळून परत लावली.
काठी रोवली ती स्वतःच्याच बुटावर.
तिसऱ्या अंकात गाडी अडली. त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मी घाईघाईत कंसातलंही वाचून गेले,
आणि छाती फुगवून, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं
तो म्हणाला,
"दाराकडे जातो."

गेला नाही. तिथंच उभा राहिला.

संस्थापकाची बायको, म्हणजे आमची पा झोंग,
नुकतीच मेली होती चादरीखाली.
तिचं पोट गदगदताना शेवटच्या बाकालाही दिसलं.
खोकणारा माणूस डोळे पुसत होता.

त्याच वर्षी सिनेमावाले आले.
चांगली माणसं, खोटं कशाला बोलू.
माझे मफिन खाल्ले, वह्या भरल्या,
कुणाचं मन दुखवणार नाही म्हणाले,
आणि शब्दाला जागले.

जानेवारीत सगळं गाव पडद्यासमोर बसलं.
डॉक्टरचा टोप पंख्यात अडकतो, हशा.
मी विंगेत घोरते, नाकातून शिट्टी,
स्वतःला पाहून मीच जास्त हसले.
आणि वारसामे –
त्याचं काम करणारा नट देखणा, आवाज आडातून आल्यासारखा.
एकदाही चुकत नाही.
खिडकीशी बसतो, समुद्राबद्दल एक वाक्य बोलतो,
मागे चेलो वाजतो,
आणि आम्ही सगळे खुळे हळूहळू शहाणे होतो.
पा झोंग कोपऱ्यात शिवत असते. बहुतेक आमचेच कपडे.

बाहेर पार्किंगमध्ये हाडं गोठवणारी थंडी.
तो गाडीची काच खरवडत होता, कार्ड घेऊन, उगाच बराच वेळ.
किती जपलं गं मला, म्हणाला,
काचेचं भांडं जपावं तसं.
त्याची इफ्रा, नऊ वर्षांची, मागच्या सीटवरून ओरडली,
आबो, सूप कुठं गेलं? सूपच तर भारी होतं!
मला प्रत्येकाचं पुढचं वाक्य ठाऊक असतं.
त्या रात्री एकही आठवेना.

आता पुन्हा तालमी.
यंदा बाहेरगावचेही लोक येतात बघायला, सिनेमा पाहिलेले.
वारसामे आत आला की शांत होतात,
चर्चमध्ये होतात तसे.
काल दाढी पुन्हा निसटली.
कुणी हसलं नाही. एका बाईनं हात छातीवर ठेवला.
तो थांबला. वाक्य विसरला, खरंच विसरला,
कपाळावरचा घाम मला इथून दिसत होता,
आणि त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

बॅटरीचा उजेड ओळीवर आहे.
ओळीच्या शेजारी कंस.
माझे ओठ उघडलेत, आणि अजून मी ठरवलेलं नाही
कुठून वाचायचं.